थंड मुलुखांत मोटार नेण्यापूर्वीं

खरिपाची सुगी आटोपल्यावर सिमला, मनाली या बाजूस स्वतःच्या मोटारीनें सहकुटुंब जाण्याचा प्रघात अलीकडे आपल्या बागाइतदार मंडळींतही पडूं लागला आहे. त्याविरुद्ध आमचें कांहींएक म्हणणें नाहीं. परंतु वाटखर्चाची व फराळाची जितकी तजवीज होते, तितकी गाडीची होत नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुख्य गोष्ट रेडिएटरची. त्यांत कमी पडेल तसें विहिरीचें पाणी ओतण्याची आपल्याकडे अनेकांस संवय आहे, आणि नाशिक-पुण्याच्या थंडींत तें खपूनही जातें. मनालीस मात्र पौष-माघांत रात्रीं पारा शून्याखालीं उतरतो. पाणी गोठलें कीं त्याचें आकारमान सुमारें अकराव्या हिश्श्यानें वाढतें, व त्या रेट्यापुढें इंजिनाचें बिडाचें अंगही तडकतें. यास्तव जुनें पाणी काढून ग्लायकोलचें कूलंट व डिस्टिल्ड पाणी निमेनिम घालावें. असें मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाहीं. निव्वळ ग्लायकोल मात्र उणे १३ अंशांवरच गोठतें. अधिक घातलें म्हणजे अधिक गुण, हा हिशेब खताप्रमाणें येथेंही चुकतो. डब्यावर तयार मिश्रण असें लिहिलें असल्यास त्यांत पाणी मिसळूं नये. गाडींतून काढलेलें जुनें कूलंट चवीस गोड परंतु विषारी असतें. तें गोठ्याजवळ ओतूं नये, नाहीं तर गुरें व कुत्रीं चाटतात.

बॅटरी जुनी असल्यास निघण्यापूर्वीं तपासून घ्यावी. थंडींत तिचें बळ घटतें, आणि त्याच वेळीं इंजिन फिरविण्यास बळ अधिक लागतें. टायरांतील हवेचा दाबही उतरतो, सबब तिकडे पोंचल्यावर सकाळीं तो पुनः मोजावा. कडक थंडींत डिझेलांतील मेण सुटून नळ्या तुंबतात. म्हणून इकडचें डिझेल संपत आणून तिकडचेंच भरावें. लडाखसाठीं तर इंडियन ऑइलनें २०१९ सालीं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें निराळें डिझेल काढलें.

आतां जिवावरची गोष्ट. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं बर्फवृष्टींत शेंकडों मोटारी अडकल्या, व वीसांहून अधिक माणसें गाड्यांतच दगावलीं. अशा वेळीं ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवतात. बाहेर धुराची नळी बर्फानें बुजते, आणि कार्बन मोनॉक्साइड वायु गाडींत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणसास गुंगी येते इतकेंच. म्हणून गाडी अडकल्यास प्रथम उतरून नळीभोंवतालचें बर्फ उकरून काढावें, व तें पुनः साचत नाहीं ना हें पाहत राहावें. इंजिन लावणेंच झालें तर दहा मिनिटांपुरतें, तेंही वाऱ्याच्या आडोशाकडील कांच बोटभर उघडी ठेवून. यासाठीं लागणारें लहान फावडें व घोंगड्या सामानाच्या पेटींत न टाकतां मागच्या बैठकीवर हाताशीं ठेवाव्या. बर्फाखालीं दडपलेली पेटी उघडेलच असा भरंवसा नसतो.