कुंडी भंडारा आणि नकाशाचे डेटम
बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधला गेला. त्याचा बोगदा जमिनीखाली असल्याने वर बोअरवेल कोठे टाळायची, हे नकाशावरूनच ठरवावे लागते. कुंड्या सुमारे २० मीटर अंतरावर आहेत. शंभर मीटरची चूक म्हणजे पाच कुंड्यांची चूक.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले असून त्यांचा मूळ बिंदू आपल्याच राज्यात, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरते. दोहोंत पृथ्वीचा आकार व केंद्र वेगळे धरल्याने तेच अक्षांश-रेखांश आपल्या भागात शंभर मीटरपेक्षा अधिक दूरचे ठिकाण दाखवतात.

म्हणून ड्रोनची छायाचित्रे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या नकाशावरील नियंत्रण बिंदू घालण्यापूर्वी आधी डेटम बदलावे, मग यूटीएम प्रक्षेपण (विभाग ४३ उत्तर) करावे. नवखे विद्यार्थी डेटमचे केवळ नाव बदलतात, आकडे तेच ठेवतात. उर्दू मजकूर देवनागरीत उतरवून त्याला भाषांतर म्हणावे, तसा हा प्रकार! बिंदूंचा आपसातला मेळ टिकतो, त्यामुळे प्रतिकृती सुबकच दिसते. नियंत्रणात न घेतलेली एखादी कुंडी जीपीएसने स्वतंत्र मोजली, तरच फरक उघड होतो.