होडीचं अंग जुळवताना

फलटणजवळच्या विंचुर्णीहून समुद्र कितीतरी लांब. पण भारतीय माणसानं शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्तीनंतर याच गावी राहिलेल्या व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. नौदलानं तो मनावर घेतला आणि गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ५६ फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये परिक्रमा पुरी केली. पुढे २०१७ मध्ये नौदलाची ‘तारिणी’ होडीही त्याच गोदीतून निघाली.

प्रवासाचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. बांधणीकडे मात्र आपलं लक्ष कमी जातं. म्हादेईचं अंग लाकडी पट्ट्यांचं, त्यावर फायबरग्लास. अशा बांधणीत आधी आडव्या छेदांचे साचे कापतात. मधोमध दोरी ताणून, ओळंबा धरून ते ओळीत उभे करतात. मग एक लांब, लवचिक पट्टी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत साच्यांवर टेकवायची आणि एक डोळा मिटून तिच्या कडेनं बघायचं. कुठे पट्टी साच्यापासून सुटते, कुठे फुगते, ते लगेच दिसतं. फुगली तिथे साचा घासायचा, सुटली तिथे पातळ चीप लावायची. कागदावरचं माप काहीही म्हणो, इथे पट्टीचंच ऐकावं.

घरच्या आठ-दहा फुटी होडीला साचेही फारसे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात आलेल्या ‘मिरर’ होडीनं ही रीत घरोघर नेली: प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेनं शिवायच्या आणि सांधे रेझिननं भरायचे. प्लायवर सरळ रेघ मारून फुटाफुटाला गुण्यानं उभ्या रेघा काढायच्या, नकाशातली मापं घेऊन खुणेवर बारीक चुका ठोकायच्या आणि त्यांना पट्टी टेकवून पेन्सिल फिरवायची. सपाट फळीची ही वाकडी कड शेजारच्या फळीला शिवली, की होडीला पोट येतं. करवत रेघेच्या बाहेरून चालवावी. डावी-उजवी फळी एकत्र आवळून कडांवर एकदमच रंधा मारला, तर दोन्ही बाजू सारख्या उतरतात.

सातारा-सांगलीत कुणी हे मनावर घेतलंच, तर आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या. रेझिन भरण्याआधी नाळेपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचं अंतर मोजा आणि ते सारखं येईपर्यंत तारा सैल-घट्ट करत राहा. रेझिन सुकल्यावर होडीतला पीळ काढता येत नाही.