नाव सारखं, माणूस वेगळा: आपल्या वेबसाइटला ओळखपत्र कसं लावायचं?

ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये मोबाइलवर वाचता येईल, असं म्हणणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर थोडा नीट करून इथे देतोय.

मागच्या जूनमधली गोष्ट. मी नांदेडात तरोडा नाक्यावर चहा पीत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एक मावशी, अगदी काकुळतीला आलेल्या. "सर, लेकराची फी कधी परत देताय? दोन महिने झाले."

माझा कसला क्लास आणि कसली फी! मी आवाज रेकॉर्ड करून देणारा माणूस. पण त्या आठवड्यात असे पाच फोन आले. मग उलगडा झाला. लातूरला माझ्याच नावा-आडनावाचे एक गृहस्थ क्लास चालवायचे, तो बंद पडला होता. त्यांची स्वतःची वेबसाइट नव्हती. पालकांनी नाव सर्च केलं की वर यायची माझी साइट, माझा फोटो आणि माझा नंबर. एका ग्राहकाने तर एआयला माझ्याबद्दल विचारलं. त्याने दोघांची माहिती एकत्र कालवून उत्तर दिलं, आणि माझं काम गेलं.

चूक कोणाची, हे सोडा. मुद्दा असा की मशीनला माणूस दिसत नाही, अक्षरं दिसतात. अक्षरं सारखी, म्हणजे माणूस सारखा असा तिचा घोळ होऊ शकतो.

आपल्याकडे यावर जुना उपाय आहे. गावात एकाच नावाचे चार जण असतात, म्हणून तलाठी नुसत्या नावावर जात नाही, गट नंबर बघतो. पांढऱ्या गाड्या शेकड्याने असतात, पण एमएच २४ दिसलं की लातूर, एमएच २६ दिसलं की नांदेड, आणि पुढचा नंबर एकाच गाडीचा. वेबसाइटलाही अशी पाटी लावता येते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, मशीनला दिसते.

उलटा घोळही होतो. आपल्या नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. तुम्हा-आम्हाला माहीत आहे की माणूस एकच. मशीनला कोणी सांगितलं नाही तर ती दोन माणसं! उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हाही हाच प्रश्न. म्हणून २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटामध्ये प्रत्येक व्यक्तीला, गावाला एक क्रमांक असतो. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो.

आता आपल्या साइटचं बघू. कामं तीनच.

पहिलं: स्वतःची पाटी. २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग नावाची एक सामायिक शब्दसूची सुरू केली. त्यात माणसासाठी 'पर्सन' हा प्रकार आहे. त्याखाली रकाने भरायचे: नाव, दुसरं नाव, काम, फोटो, साइटचा पत्ता. हे जेसन-एलडी नावाच्या पद्धतीने लिहून पानाच्या कोडमध्ये एका स्क्रिप्टच्या टॅगमध्ये ठेवतात.

दोन रकाने विसरू नका. 'सेम-अ‍ॅज' म्हणजे "हा तोच मी". इथे तुमच्या यूट्यूब, इन्स्टाग्रामच्या लिंक द्यायच्या. दुसरा 'डिसअँबिग्युएटिंग डिस्क्रिप्शन'. नाव लांबलचक, पण काम सोपं: सारख्या नावाच्या दुसऱ्यापासून वेगळं सांगणारं एक वाक्य. मी लिहिलं, "नांदेडमधील आवाज कलाकार व पॉडकास्टर." 'दुसरं नाव' या रकान्यात देवनागरी नाव आणि तुम्ही वापरता ती रोमन स्पेलिंगं टाका. आपल्या आडनावांची स्पेलिंगं किती तऱ्हेने होतात, ते रिझर्व्हेशनच्या तिकिटावर बघितलंच असेल.

दुसरं: साक्षीदार. पाटी कोणीही लावू शकतो. उद्या मी माझ्या साइटवर लिहिलं की एखाद्या मोठ्या गायकाचं चॅनेल माझंच आहे, तर? म्हणून दोन्हीकडून खूण हवी. साइटवरून प्रोफाइलची लिंक देताना त्या टॅगमध्ये 'रेल' आणि त्याची किंमत 'मी' लिहायची. स्पेलिंग आर-ई-एल आणि एम-ई. मराठीतला 'मी' इथे योगायोगाने बरोबर बसतो! मग त्या प्रोफाइलवरही साइटचा पत्ता द्यायचा. मॅस्टोडॉन ही परतीची लिंक स्वतः तपासतं आणि जुळली की तुमच्या साइटची लिंक हिरवी दाखवतं. सगळे अ‍ॅप असं तपासत नाहीत. तरी बायोमध्ये पत्ता टाकाच, बघणाऱ्या माणसाला तरी खात्री पटते.

तिसरं: तपासणी. स्कीमाचा फुकट व्हॅलिडेटर आहे, त्यात साइटचा पत्ता टाकला की चूक दाखवतो. माझी चूक काय होती? मोबाइलच्या नोट्समधून कोड कॉपी केला, त्यात सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झाली. एवढ्याने सगळी पाटी बाद! शेवटच्या ओळीनंतर जास्तीचा स्वल्पविराम राहिला तरी तेच.

एक सावधगिरी. रकाना आहे म्हणून भरलाच पाहिजे असं नाही. घरचा पत्ता, जन्मतारीख, खासगी नंबर टाकू नका. मशीनला वाचायला सोपं ते फसवणाऱ्यालाही सोपं. माझा स्वतःचा नंबर मी काढला, कामासाठी फक्त ईमेल ठेवला.

याने सगळं सुटलं का? खरं सांगतो, लगेच नाही. पाटी लावणं आपल्या हातात, ती मानायची की नाही हे सर्च इंजिन ठरवतं. फोन कमी झाले ते आधी एका साध्या वाक्याने. पहिल्या पानावर, अगदी वर, मी लिहिलं: "लातूर येथील कोणत्याही क्लासशी माझा संबंध नाही." मशीनसाठी पाटी लावा, पण माणसासाठीचं वाक्य आधी लिहा.

आणि त्या मावशी? त्यांची फी मी कुठून देणार! पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर दिला आणि पावती जपून ठेवा म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमचं नाव तेच आहे, पण माणूस तुम्ही दुसरे दिसता."

हेच मशीनला सांगायचंय, बस. तुमच्याही नावाचा असा गोंधळ झाला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू!