ठरलेल्या कुस्त्या, न ठरलेले हिशेब

कुस्ती म्हटली कीं महाराष्ट्रांतील वाचकाच्या डोळ्यांपुढें तांबडी माती, हलगीचा कडकडाट आणि कोल्हापूरचें खासबाग मैदान उभें राहतें. तेथें कोण चीत होणार हें आधीं कोणास ठाऊक नसतें. निदान नसावें अशी अपेक्षा असते. अमेरिकेंत विसाव्या शतकांत जी धंदेवाईक कुस्ती वाढली तिची तऱ्हा अगदीं उलट. जय कोणाचा हें तेथें पडद्याआड ठरलेलें असे. अनिश्चित असे तें एवढेंच कीं, त्या रात्रीं खुर्च्या किती भरतील आणि सभागृहाचें भाडें भागवून मालकाच्या हातीं कांहीं उरेल कीं नाहीं. या कुस्तीस सोंग म्हणून हिणवणाऱ्यांनीं मालकांच्या हिशेबाच्या वह्यांकडे पाहावें. तेथील झुंज खरी होती.

इ. स. १९४८ च्या जुलै महिन्यांत आयोवा संस्थानांतील वॉटर्लू या गांवीं कांहीं कुस्तीमालक एकत्र जमले व त्यांनीं ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ नांवाचा संघ स्थापिला. नियम साधे होते. प्रत्येकानें आपापला मुलूख सांभाळावा, दुसऱ्याच्या हद्दींत खेळ लावूं नये, आणि सर्वांनीं मिळून एकच जगज्जेता मानावा. हा जगज्जेता फिरतीवर निघे, गांवोगांवच्या आवडत्या मल्लांशीं झुंजे, त्यांना जिंकण्याच्या अगदीं जवळ येऊं देई आणि किताब राखून पुढच्या मुक्कामास जाई. त्यामुळें गल्ला भरे व स्थानिक मल्लाची पतहि वाढे. परंतु मालकांचा परस्परांवर व मल्लांवर विश्वास केवढा, हें एका गोष्टीवरून कळतें. किताबाचा पट्टा घेऊन कोणी पळूं नये म्हणून जगज्जेत्याकडून अनामत रक्कम घेत असत. पुढें १९९१ सालीं रिक फ्लेअर या मल्लास कंपनीनें काढून टाकलें, पण त्याचे २५,००० डॉलर परत केले नाहींत; तेव्हां तो पट्टा घेऊन प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला आणि तेथें तो मिरवला!

ही मुलखांची वांटणी म्हणजे व्यापारांतील अडवणूक होय, असा दावा सरकारच्या न्यायखात्यानें मांडला, आणि १९५६ सालीं संघास तडजोडीचा हुकूमनामा मान्य करावा लागला. तथापि व्यवहारांत हद्दी आणखी पंचवीस वर्षांवर टिकल्या. त्यांना आतां आधार कायद्याचा नव्हता, केवळ एकमेकांच्या मुलाहिजाचा होता.

या मुलखांतील दिनक्रम आमच्या जुन्या नाटकमंडळ्यांच्या चालकांस अपरिचित वाटला नसता. मेंफिस शहरीं शनिवारीं सकाळीं दूरचित्रवाणीवर कुस्तीचा खेळ होई. तो पाहावयास पैसे पडत नसत; किंबहुना ती जाहिरातच होती. त्या खेळांत जें भांडण अर्धवट राही, त्याचा निकाल सोमवारीं रात्रीं ‘मिड-साउथ कॉलिसियम’मध्यें तिकीट काढून पाहावा लागे. तिकीटविक्रीच्या गल्ल्यांतून भाडें, कर व जाहिरातीचा खर्च वजा जाई, आणि उरलेल्यांतून मल्लास किती द्यावयाचें तें मालक ठरवी. प्रवास व मुक्काम मल्लाच्या खिशांतून. खांदा निखळला तर त्या आठवड्याची कमाई बुडाली. लोक कंटाळले कीं मल्लानें बिऱ्हाड उचलून दुसरा मुलूख गांठावा.

बहुतेक मालकांचा हा घरचा धंदा होता, आणि घरच्या धंद्याचे गुणदोष डॅलस येथील एका घराण्यांत स्पष्ट दिसतात. जॅक ॲडकिसन हा टेक्ससचा मल्ल जर्मन खलपुरुषाचें सोंग घेऊन ‘फ्रिट्झ फॉन एरिख’ या नांवानें गाजला आणि पुढें मालक झाला. एक मुलगा बालपणींच वारला. उरलेल्या पांचांपैकीं डेव्हिड, केरी व केव्हिन हे तरुण मुलगे कंपनीचें खरें भांडवल ठरले. १९८४ च्या फेब्रुवारींत डेव्हिड जपानच्या दौऱ्यांत अकस्मात् मरण पावला. ६ मे रोजीं त्याच्या स्मरणार्थ टेक्सस स्टेडियममध्यें खेळ झाला. तीस हजारांवर लोक लोटले आणि केरीनें जागतिक किताब जिंकला. अर्थात् तोहि ठरवूनच दिलेला. १८ दिवसांत परत गेला. रिकामी जागा भरण्याचा भार धाकट्या माइकवर पडला. १९८५ सालीं खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो मरतां मरतां वांचला, तरी पुन्हां आखाड्यांत उतरला. मुलगे अपुरे पडूं लागले तेव्हां बापानें एका परक्या तरुणास ‘पुतण्या’ म्हणून पुढें आणलें. तो सोडून गेल्यावर तो आपल्या घराण्यांतला नव्हे, हें बापासच जाहीर करावें लागलें. प्रेक्षक कुस्तीचें सोंग खपवून घेत, परंतु नात्याचें सोंग त्यांना रुचलें नाहीं. माइकनें १९८७ मध्यें, क्रिसनें १९९१ मध्यें व केरीनें १९९३ मध्यें आत्मघात केला. सहांपैकीं एक केव्हिन तेवढा उरला.

इकडे हद्दीच मोडत होत्या. १९८२ सालीं व्हिन्स मॅक्मॅहन यानें न्यूयॉर्ककडील कंपनी आपल्या वडिलांकडून विकत घेतली आणि वडिलांच्या पिढीनें पाळलेला मुलाहिजा सोडून दिला. परमुलखांत त्यानें दूरचित्रवाणीची वेळ विकत घेतली व तेथील नामांकित मल्ल ओढले. मिनिआपोलिसच्या व्हर्न गॅन्यकडील हल्क होगन त्यांतलाच. ओक्लाहोमा-लुइझियानाकडील बिल वॉट्सच्या मुलखांत १९८६ सालीं तेलाचे भाव कोसळले, मजुरांच्या हातांतील पैसा आटला. पुढच्याच वर्षीं त्याची कंपनी उत्तर कॅरोलायनाच्या जिम क्रॉकेटनें घेतली. क्रॉकेटचा हा विस्तार त्याच्याच अंगावर आला. १९८७ च्या नोव्हेंबरांत त्याचा मोठा खेळ ज्या रात्रीं घरोघर पैसे घेऊन दाखवावयाचा होता, त्याच रात्रीं मॅक्मॅहननें आपला खेळ लावला आणि केबल कंपन्यांस बजावलें कीं, दोहोंपैकीं एकच घ्या. क्रॉकेटच्या वांट्यास बोटांवर मोजण्याइतक्याच कंपन्या राहिल्या. १९८८ च्या नोव्हेंबरांत वडिलांपासून चालत आलेला तो धंदा टेड टर्नरला विकला गेला. गॅन्यची कंपनी १९९१ सालीं बुडाली, आणि टर्नरची कंपनीसुद्धां २००१ च्या मार्चमध्यें मॅक्मॅहननेंच घेतली.

सर्व दोष एका धाडसी मुलावर लोटणें सोपें आहे. परंतु तें अपुरें होय. हद्दी टिकल्या त्या दूरचित्रवाणी एका शहरापुरती होती म्हणून. उपग्रह व केबल आल्यावर मुलाहिजानें बांधलेली भिंत पडणारच होती. ती आधीं कोण पाडतो एवढाच प्रश्न होता. डॅलसचा धडा मात्र कोणत्याहि काळच्या घरास लागू आहे. वडिलांचा व्यवसाय मुलांनीं चालवावा यांत कांहीं वावगें नाहीं. पण एखाद्या मुलाला तो झेपत नसेल, तर ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक त्याला घरांत असली पाहिजे. एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं दुकानाच्या वहीबरोबर हीहि गोष्ट अधूनमधून तपासून पाहावी.