कंबरेचा वळ आणि ब्याण्णव कॅमेरे

ऑस्ट्रेलियातल्या काही रुग्णालयांत त्वचा तपासण्यासाठी एक मोठी चौकट उभारलेली असते. मधोमध माणसाने अंतर्वस्त्रांवर उभे राहायचे. भोवतीचे ९२ कॅमेरे एकाच क्षणी चालतात आणि थोड्याच वेळात पडद्यावर त्याची त्रिमितीय प्रतिमा तयार होते. अंगावरचा तीळ न् तीळ तीत दिसतो. काही महिन्यांनी हेच पुन्हा करायचे आणि दोन्ही प्रतिमा ताडून कोणता तीळ वाढला, कोणता नवा उगवला ते पाहायचे.

हा खटाटोप मेलॅनोमासाठी आहे. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा हा कर्करोग पातळ असतानाच कापून काढला तर रुग्ण सहसा बरा होतो. खोल गेला तर जिवावर बेततो. त्यातली अडचण अशी की सुमारे ७० टक्के मेलॅनोमा जुन्या तिळातून होत नाहीत, कोऱ्या कातडीवर नव्याने उगवतात. त्यामुळे ठरावीक तिळांवर नजर ठेवून भागत नाही, आणि शंभर तीळ असलेल्या माणसाचा एकशे एकावा कोणता, हे डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाही. न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ साली संशयास्पद तिळाची चार लक्षणे सांगितली: दोन बाजू सारख्या नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाहून अधिक रंग आणि सहा मिलिमीटरहून मोठा आकार. २००४ साली त्यांत पाचव्या लक्षणाची भर पडली, ती म्हणजे बदल. पूर्ण शरीराच्या छायाचित्रणाचा सगळा डोलारा या पाचव्या लक्षणावर उभा आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या जळगाव-धुळ्याला असे यंत्र आधी हवे, असे कोणालाही वाटेल. पण कातडीच्या कर्करोगाचा संबंध उकाड्याशी नाही, अतिनील किरणांशी आहे, आणि सावळ्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य ते बऱ्याच अंशी अडवते. भारतात दर लाख लोकांमागे वर्षाला एकालाही मेलॅनोमा होत नाही; ऑस्ट्रेलियात हाच आकडा पन्नासच्या वर आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ गटानेही २०२३ साली म्हटले, की लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची सरसकट त्वचा तपासणी करावी की करू नये, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. मग खान्देशाने या तंत्राकडे पाठ फिरवावी का? यंत्राकडे खुशाल फिरवावी. त्यामागची रीत मात्र घ्यावी, आणि नजर आपल्या जागांवर ठेवावी.

पहिली जागा कंबर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. राहणीशी आणि सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यांनी भारतातून नोंदवले. त्यांतला एक होता धोतराच्या घट्ट गाठीखाली, कंबरेवर होणारा. काश्मिरात पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, धरणाऱ्यांना होणारा कर्करोग वैद्यकाला आधीच ठाऊक होता. खानोलकरांनी दाखवून दिले की त्यासाठी निखारेच लागतात असे नाही, रोजचे काचणेही पुरते.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी ‘साडी कॅन्सर’ नोंदवला. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत मांडली. एकीच्या उजव्या कुशीवरची जखम १८ महिने भरत नव्हती. ती परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी चाळीस वर्षे परकराविना, कंबरेलाच घट्ट आवळून लुगडे नेसत आली होती. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला, आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतल्या लसीकाग्रंथीपर्यंत पोचला होता.

हे घडते कसे? नाडी एकाच रेषेवर काचते. कातडी आधी काळी पडते किंवा रंग सोडते, मग तिचे पापुद्रे निघतात, मग ती चिरते. घाम आणि धूळ जखम भरू देत नाहीत. भरणे-उकलणे वर्षानुवर्षे चालले की सतत नव्याने घडणाऱ्या पेशींत एखादी बिघडते. कापसात दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या बाईला घाम, धूळ आणि घट्ट गाठ या तिन्ही गोष्टी रोजच्याच. उपाय फुकटातले आहेत: नाडीऐवजी रुंद पट्टा, गाठ सैल, तिची जागा बदलती, आणि चट्टा दिसला की काही दिवस सैल कपडे.

दुसरी जागा तळवा आणि नख. सावळ्या माणसाला मेलॅनोमा झालाच तर तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा दोष नसतो. बॉब मार्ली हा जमैकाचा गायक १९८१ साली ३६व्या वर्षी गेला. त्याचा आजार पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. आपल्याकडे असा काळा डाग कुरूप, भेग किंवा मोडलेला काटा समजून अंगावर काढला जातो. इथे साध्या मोबाइलचा खरा उपयोग आहे. मार लागून नखात साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्मे. दर महिन्याला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. डाग पुढे सरकला तर बहुधा रक्तच. काळी रेघ जागची हलली नाही, रुंदावली किंवा नखामागच्या कातडीवर उतरली, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

तिसरी जागा जुना व्रण. भाजल्याच्या व्रणावर वीस-तीस वर्षांनी पुन्हा जखम झाली आणि भरेना, तर ती फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांच्या नावाने ओळखली जाणारी कर्करोगी जखम असू शकते. त्यांनी अशा जखमांचे वर्णन १८२८ साली केले होते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायावरची वर्षानुवर्षांची जखमही क्वचित याच वाटेने जाते.

मोबाइलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता हे ओळखेल, अशी आशा आज फार धरू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली दाखवले की त्वचेची छायाचित्रे वाचणाऱ्या प्रणाली गडद कातडीवर जास्त चुकतात, कारण त्यांना शिकवायला वापरलेली चित्रे मुख्यतः गोऱ्या कातडीची होती. शिवाय कंबरेचा फोटो कोण काढणार, तो कोणाच्या फोनमध्ये राहणार, हा प्रश्न स्त्रीच्या दृष्टीने आजाराइतकाच मोठा आहे. तिच्या संमतीशिवाय फोटो काढू नये, चेहरा त्यात येऊ नये आणि तो तिच्याच फोनमध्ये राहावा.

पूर्ण शरीर तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे कॅमेऱ्याविना अस्तित्वात आहेच. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरातल्या स्त्रियांचे आणि सोबतचा पुरुष कार्यकर्ता पुरुषांचे अंग चट्ट्यांसाठी पाहतो. सरकारी कर्करोग तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यापुरती आहे, आणि त्वचेचा कर्करोग इथे विरळ असल्याने ते योग्यही आहे. वेगळी मोहीम नकोच. चट्टा शोधणाऱ्या त्याच फेरीत तीन प्रश्न वाढवावेत: कंबरेवर काचल्याची जखम आहे का, तळव्यावर किंवा नखात वाढता काळा डाग आहे का, जुना व्रण पुन्हा उकलला आहे का? यातले काही महिनाभरात भरले नाही किंवा वाढत राहिले, तर त्या माणसाला धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तुकडा तपासायला पाठवावे. या तपासणीला ब्याण्णव कॅमेरे लागत नाहीत. कंबर दाखवायला बाईला संकोच वाटणार नाही अशी आशाताई आणि तिच्या वहीत तीन ओळींची जागा लागते.