स्क्रीनवर आहे, कागदावर नाही!



आखातातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जा, ड्राफ्टिंगच्या धंद्यातला एखाददुसरा माणूस हमखास भेटतो. कोणी आयटीआय करून आलेला ड्राफ्ट्समन, कोणी डिप्लोमावाला, तर कोणी दिवसा साइटवर उभा राहून रात्री ड्रॉइंग दुरुस्त करणारा इंजिनिअर. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत अशाच एका मुलाने मला गाठले. "काका, पाइपची लाइन स्क्रीनवर दिसते, पण प्रिंटमध्ये येत नाही. तीनदा प्लॉट काढला. उद्या सकाळी शीट द्यायची आहे."

मी विचारले, "लाइन कुठल्या लेयरवर आहे?"

"ते नाही बघितले."

दहातल्या आठ तक्रारींचे उत्तर याच एका प्रश्नात असते, म्हणून हा लेखाचा खटाटोप.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. पूर्वी टी-स्क्वेअर आणि रोट्रिंग पेन घेऊन ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढत. खालच्या कागदावर भिंती, त्यावर दुसरा ट्रेसिंग ठेवून पाण्याचे नळ, तिसऱ्यावर विजेचे पॉइंट. ऑटोकॅड १९८२ साली आले, आणि अशा प्रोग्रॅममधले लेयर म्हणजे हेच एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. टेम्प्लेट म्हणजे ज्यावर चौकट, टायटल ब्लॉक, लेयरची नावे, रंग, अक्षराची उंची हे सगळे आधीच ठरवून ठेवले आहे असा नवा कागद. फाइलच्या नावाच्या शेवटी डीडब्ल्यूटी असते ती ही.

आता त्या मुलाची लाइन. ऑटोकॅडमध्ये पहिले डायमेन्शन दिले की 'डेफपॉइंट्स' नावाचा एक लेयर आपोआप तयार होतो. डायमेन्शनचे टेकू-बिंदू त्यावर राहतात. हा लेयर स्क्रीनवर दिसतो, पण कधीही प्लॉट होत नाही. लेयरच्या यादीत त्याच्यासमोरचे प्रिंटरचे चिन्ह चालू करायला गेलात तरी होत नाही. त्यामुळे चुकून त्यावर काढलेली भिंत असो की पाइप, कागदावर यायची नाही. क्विक सिलेक्टने डेफपॉइंट्सवरचे सगळे निवडायचे आणि प्रॉपर्टीजमध्ये योग्य लेयर द्यायचा, की काम झाले. मात्र लेआउटमधल्या व्ह्यूपोर्टची चौकट छापली जाऊ नये म्हणून ती मुद्दाम या लेयरवर ठेवायची पद्धत पुष्कळ ऑफिसांत आहे, तेवढी तिथेच राहू द्यावी.

हे मला इतके पाठ का, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसात टेम्प्लेट करायचे काम माझ्याकडे होते. शेवटी व्ह्यूपोर्टच्या चौकटी डेफपॉइंट्सवर टाकल्या, तोच लेयर चालू राहिला आणि मी फाइल सेव्ह केली. कुठला लेयर चालू आहे हेसुद्धा टेम्प्लेटमध्ये जतन होते! मग त्यातून उघडलेले प्रत्येक नवे ड्रॉइंग डेफपॉइंट्सवरच सुरू होऊ लागले. जुनी माणसे सवयीने लेयर बदलून कामाला लागत, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. एक नवा मुलगा लागला होता, त्याने स्लॅबमधल्या स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठी सोडायची भोके, तशीच काढली. स्क्रीनवर व्यवस्थित. मी शीट तपासली तीही स्क्रीनवरच. साइटवर कागद गेला त्यात एकही स्लीव्ह नव्हती. स्लॅब भरला गेला आणि नंतर कोअर कटिंग करून भोके पाडावी लागली. बोलणी त्या मुलाने खाल्ली. दोन दिवसांनी मी टेम्प्लेट उघडून पाहिले तेव्हा चूक कोणाची ते कळले. साहेबांना जाऊन सांगितले, पण तोवर त्याचा त्या महिन्याचा ओव्हरटाइम गेला होता तो गेलाच.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. चूक एका ड्रॉइंगमध्ये सापडली की दुसरे नवे ड्रॉइंग उघडून तीच चूक तिथेही आहे का पाहायचे. असेल तर दुखणे टेम्प्लेटमध्ये आहे, आणि ड्रॉइंग कितीही दुरुस्त केले तरी उद्या पुन्हा तेच होणार.

लाइन दिसत नसली तर सगळ्यात आधी एक गोष्ट करू नका : ती पुन्हा काढू नका. ती बहुधा तिथेच लपलेली असते, आणि पुढे कोणी लेयर चालू केला की एकाच्या जागी दोन पाइप दिसतात. लपण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. लेयर ऑफ असेल किंवा फ्रीझ असेल. या दोन्हींत फरक काय असे पुष्कळ जण विचारतात. ऑफ केलेला लेयर दिसत नाही, पण हाताखाली असतो. इरेज देऊन 'ऑल' म्हटलेत तर न दिसणाऱ्या त्या लाइनीही पुसल्या जातात! फ्रीझ केलेल्याला मात्र हात लागत नाही. ब्लॉकच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. ज्या लेयरवर ब्लॉक ठेवला तो फ्रीझ केला की आतल्या वस्तू दुसऱ्या लेयरवर असल्या तरी अख्खा ब्लॉक गायब. तोच लेयर ऑफ केला तर त्या आतल्या वस्तू दिसत राहतात. दरवाजे नाहीसे झाले आणि कुठल्या लेयरमुळे ते कळत नसेल, तर आधी हे तपासा.

मॉडेलमध्ये दिसते पण लेआउटमध्ये नाही, असे असेल तर व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करून 'व्हीपी फ्रीझ'चा रकाना पाहावा. त्याच्या शेजारी 'न्यू व्हीपी फ्रीझ' असा एक रकाना असतो, त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तो टेम्प्लेटमध्ये चालू राहिला तर पुढच्या प्रत्येक नव्या व्ह्यूपोर्टमध्ये तो लेयर आपोआप बंद होऊन येतो. म्हणजे पुन्हा टेम्प्लेटच.

लेयरचा रंग बदलला पण लाइन बदलली नाही, ही तक्रारही नेहमीची. त्या लाइनीला कोणीतरी हाताने रंग दिलेला असतो. 'सेटबायलेयर' कमांडने तो काढून 'बायलेयर' करता येतो. ब्लॉक करताना आतल्या वस्तू शून्य लेयरवर आणि रंग बायलेयर ठेवला, तर ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्याचा रंग घेतो. एरवी शून्य लेयरवर काही काढू नये असे माझे मत. भांडणारे भांडतात, भांडू द्या.

आता एक गैरसमज. टेम्प्लेट सुधारले की त्यावरून केलेली जुनी ड्रॉइंग आपोआप सुधारतील असे बऱ्याच जणांना वाटते. तसे होत नाही. नवे ड्रॉइंग उघडताना टेम्प्लेटची प्रत निघते आणि तिथेच संबंध संपतो. जुन्यांसाठी 'लेट्रान्स' कमांड वापरावी, तिच्यात जुना लेयर आणि नवा लेयर अशी जोडी लावून देता येते. डिझाइन सेंटरमधून नुसता ओढून आणलात तर त्याच नावाचा लेयर ड्रॉइंगमध्ये आधीच असल्यास जुन्याचीच सेटिंग राहतात, आणि माणूस डोके धरून बसतो.

माझ्या मशीनवर बरोबर, शेजारच्याच्या मशीनवर चूक, असे झाले तर टेम्प्लेटच्या दोन प्रती आहेत असे समजा. ऑटोकॅड आपले टेम्प्लेट प्रत्येकाच्या विंडोज प्रोफाइलमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. एकच फाइल सर्व्हरवर ठेवावी, रीड-ओन्ली करावी, आणि प्रत्येक मशीनच्या ऑप्शन्समध्ये फाइल्सच्या पानावर 'क्यून्यू'साठी तिचा पत्ता द्यावा. प्लॉटला ऑफिसची सीटीबी फाइल निवडताच येत नसेल तर ड्रॉइंग एसटीबीवाल्या टेम्प्लेटमधून निघाले आहे. 'कन्व्हर्टपीस्टाइल्स' देऊन ते बदलता येते.

राहिला मोजमापाचा घोळ, आणि हा फक्त ड्राफ्ट्समनचा नाही. आपल्यापैकी किती तरी जण गावाकडे घर बांधतात, आणि तिथल्या आर्किटेक्टकडून ईमेलने नकाशा येतो. तिकडे काम फूट-इंचात, इथे मिलिमीटरमध्ये. तीस फुटांची भिंत म्हणजे ३६० इंच. फाइलमध्ये एकक नीट लिहिलेले नसेल तर आपल्या मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये टाकल्यावर ती ३६० मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम हातभर होऊन बसते. तिला २५.४ ने स्केल करावे, आणि 'इन्सयुनिट्स' पाहावे : इंचाला १, मिलिमीटरला ४.

अशा नकाशात जिन्याचे किंवा स्वयंपाकघराचे दोन पर्याय दोन लेयरवर ठेवून एक बंद केलेला असणे नेहमीचे आहे. घरच्यांनी मोफत व्ह्यूअरमध्ये उघडून लेयर चालू-बंद केले की एकाच खोलीत ओटा दोन भिंतींना दिसतो आणि रविवारच्या फोनवर वाद सुरू! तेव्हा आर्किटेक्टकडून ड्रॉइंगबरोबर पीडीएफ जरूर मागवा आणि कंत्राटदाराला त्याच पीडीएफचा, तारीख टाकलेला कागद द्या. तारखेशिवाय नको, कारण जुना कागद साइटवर कुठे तरी खिळ्याला टांगलेला असतोच.

तो प्रसादाच्या रांगेतला मुलगा रात्री अकराला फोन करून म्हणाला, "काका, डेफपॉइंट्सच होते." मी म्हटले, "आता एक नवे ड्रॉइंग उघड आणि कुठला लेयर चालू आहे ते सांग." फोनवर जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाला, "तोच आहे."