सा, ग, प आणि आंकड्यांची पेटी

लिंबागणेश हें बीड तालुक्यांतील भालचंद्र गणपतीचें गांव. मराठवाड्यांतील अशा कोणत्याही देवस्थानीं भजन बसलें, म्हणजे मृदंग आणि टाळ यांच्या जोडीला पेटी ही आलीच. पेटीवाल्याचा हात गाणाऱ्याच्या मागोमाग चालतो आणि मधूनच, चरण संपतांना, त्याचीं बोटें सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबून धरितात. आवाज भरदार होतो व मंडळींना बरें वाटतें. परंतु या करण्याला नांव काय, असें त्यास कोणीं विचारलें, तर तो बहुधा हसून पुन्हां भाता ओढूं लागेल. पाश्चात्य संगीतांत अशा एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहास कॉर्ड म्हणतात. मराठींत त्यास स्वरसंघ म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्या गायकांनीं एकेका स्वराचा विचार जितका सूक्ष्मपणें केला, तितका अनेक स्वर एकत्र उभे करण्याचा केला नाहीं. त्याची त्यांना गरजच पडली नाहीं. यामुळें घरांत पेटी ऐकत वाढलेला विद्यार्थी आज संगणकाला आज्ञा लिहून संगीत रचूं लागला, कीं तो नेमका येथेंच अडखळतो. त्याचे स्वर बरोबर असतात, आणि तरीही ऐकणारा कान मिटून घेतो.

सॅम ॲरन यांनीं केंब्रिज येथें २०१२ च्या सुमारास 'सॉनिक पाय' नांवाची आज्ञावली तयार केली. ती कोणासही विनामूल्य वापरतां येते. तींत 'प्ले ६०' असें लिहिलें, कीं मध्य सप्तकांतील पांढरी एक वाजते. आंकडा एकानें वाढविला, कीं लगतची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी. बारांनीं वाढविला, कीं वरच्या सप्तकाचा तोच स्वर. पांढरी एक हा सा धरिल्यास शुद्ध ग ६४ व प ६७ होतो. दोन आज्ञांच्या मध्यें 'स्लीप', म्हणजे थांबा, अशी आज्ञा घातली तर स्वर एकामागून एक येतात. ती गाळली तर तिन्ही एकाच क्षणीं वाजतात. सुरावटींतून काळ काढून घेतला म्हणजे जें उरतें, तोच स्वरसंघ. ६४ च्या जागीं ६३ लिहिल्यास गांधार कोमल होतो आणि त्याच संघावर उदासीची छाया पडते.

येथवर सर्व सोपें आहे. आतां विद्यार्थ्यास वाटतें, कीं आवाज अधिक गंभीर व्हावा. म्हणून तो तेच तीन स्वर दोन सप्तकें खालीं नेतो आणि ३६, ४०, ४३ असें लिहितो. गांभीर्य बाजूसच राहतें आणि घरघर ऐकूं येते. याचें कारण कानांत आहे. मध्य सप्तकांतील ६० चीं कंपनें सेकंदास सुमारें २६२ व ६४ चीं सुमारें ३३०. दोहोंतील अंतर ६८. खालीं तींच अनुक्रमें ६५ व ८२ होतात आणि अंतर अवघें १७ उरतें. इतक्या निकट कंपनांचे दोन नाद कानाला वेगळे करितां येत नाहींत. त्यांचें एकमेकांशीं होणारें घर्षणच ऐकूं येतें. स्वर तेच, नातें तेंच, केवळ जागा चुकली. स्वरांच्या या जागा ठरविणें म्हणजेच संघाची मांडणी. आणि ज्यास कॉर्डचीं नांवें तोंडपाठ आहेत, परंतु मांडणी ठाऊक नाहीं, त्यास निम्मीच विद्या आली असें समजावें.

मग मांडणी शिकावी कोठें? उत्तर घरांतील खुंटीवर असतें. मिरजेचा सुरेल तंबोरा छेडला असतां, ज्या स्वराची तार कोणींही लाविलेली नाहीं, तो गांधार त्यांतून आपोआप उमटतो. गवई त्यास स्वयंभू गांधार म्हणतात. एकच तार आपल्या मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट अशीं कंपनेंही सोडीत असते. तिप्पटीवर पंचम सांपडतो आणि पांचपटीवर गांधार. निसर्गाची मांडणी ही अशी आहे: खालीं मोकळी जागा, वर दाटी. विद्यार्थ्यानें ३६, ४०, ४३ खोडून ४८, ५५, ६४ लिहावें. खालीं सा, त्यावर प, आणि ग एक सप्तक वर. त्यांचें प्रमाण जवळजवळ २ : ३ : ५ पडतें आणि मघांची घरघर नाहींशी होते. श्रोत्यांनीं घरच्या पेटीवरही हा प्रयोग करून पाहावा. त्यास संगणक लागत नाहीं, दोन हात मात्र लागतात.

दुसरा प्रश्न एका संघावरून दुसऱ्यावर जाण्याचा. सा-ग-प नंतर म-ध-सा हवा असेल तर नवशिका ६०, ६४, ६७ वरून एकदम ६५, ६९, ७२ वर उडी घेतो. तिन्ही स्वर एकाच दिशेनें धांवतात आणि चाल धक्का खाते. त्याऐवजीं ६०, ६५, ६९ लिहिलें तर सा जागेवरच राहतो, ग एक घर सरून म होतो, प दोन घरें सरून ध होतो. संघ बदलला, परंतु आसन मोडलें नाहीं. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत ही विद्या प्रामुख्यानें गोमंतकीय वादकांनीं आणिली. गोव्यांतील चर्चच्या पाठशाळांतून मुलांना लहानपणींच स्वरलेखन शिकवीत असत. तेथून आलेल्या सेबॅस्टियन डिसूझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचा साज चढविला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं तर १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या आवारांत रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. अमर अकबर अँथनीतील गाण्यामुळें त्यांचें नांव घरोघरीं पोंचलें, पण त्यांचें काम त्या मानानें थोड्यांनाच ठाऊक आहे.

राग हा मात्र असल्या पाहुण्यांस सहज घरांत घेत नाहीं. भूपांत म वर्ज्य. म्हणून वर सांगितलेला म-ध-सा तेथें चालणारच नाहीं. सा-ग-ध हे तिन्ही स्वर भूपाचे आहेत. परंतु ते ५७, ६०, ६४ असे, ध सर्वांत खालीं ठेवून मांडले, तर कान धैवतालाच आधार मानूं लागतो आणि भूपाचा भूप राहत नाहीं. हें षड्जचालन झालें, तेंही गवयाच्या इच्छेविरुद्ध. तेच स्वर ४८, ५७, ६४ असे लिहून सा तळाशीं रोविला, म्हणजे राग सांभाळला जातो. तळाचा स्वर कोणता, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधीं सोडवावा लागतो.

आणि शेवटीं पेटीवरील जुना आरोप. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें. १९७१ नंतर ती बंदी सैल झाली. पेटींत मींड निघत नाहीं आणि तिचे स्वर श्रुतींशीं जुळत नाहींत, असा आक्षेप होता. पहिला भाग निर्विवाद. दुसराही खोटा नाहीं. सप्तकाचीं बारा घरें सारखीं पाडलीं, कीं ६४ हा गांधार तंबोऱ्याच्या गांधाराहून किंचित चढा येतो. संगणक अपूर्णांक जाणतो, तेथें ६३.८६ लिहिलें, कीं स्वयंभू गांधार मिळतो आणि सा-ग-प एकाएकीं स्थिर होतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खांसाहेबांच्या कंठाचें साह्य आणि क्लेमंट्स या न्यायाधीशांचा पाठिंबा त्यांना लाभला, आणि त्या खटपटींतून श्रुति-हार्मोनियम निघाला. त्यास पट्ट्या अधिक कां लागल्या, हें एका उदाहरणावरून दिसेल. सा शीं जुळणारा ध ६८.८४ वर पडतो. परंतु ६२.०४ या रिषभास आधार मानून त्याचा पंचम म्हणून ध घ्यावा, तर तो ६९.०६ वर हवा. ध एकच आणि त्याला मागणारे दोघे. पेटीवाल्यापाशीं धैवताची पट्टी एक असते, म्हणून त्यास दोघांचीही थोडी नाराजी पत्करावी लागते. आज्ञा लिहिणाऱ्यास पहिल्या ओळींत ६८.८४ आणि रिषभाचा संघ येतांच पुढच्या ओळींत ६९.०६ लिहितां येतें.